पिस्तुलाच्या पाकिटावरचे शिक्के

मला शिक्क्यांतलं कळतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. पोस्टात छत्तीस वर्षं काढली मी, त्यातली निम्मी शिक्के मारण्यात गेली. सकाळी तारखेचे टाइप बदलायचे, शाईची गादी ओली करायची आणि सुरू, धाड धाड धाड. अजूनही रिकामा बसलो की उजवा हात आपोआप मांडीवर आपटतो. बायको म्हणते, "अवो, थांबवा ना ते. पाहुण्याईले वाटते तुमाले काही झालं हाय."

हातानं मारलेला शिक्का कधी सरळ पडत नाही. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला फिका, कुठे शाई पसरलेली, कुठे अक्षर अर्धं गायब. सगळीकडून सारखा उमटलेला सुबक शिक्का दिसला की समजावं, काहीतरी भानगड आहे. ही विद्या पुस्तकात मिळत नाही. पण माझ्या सासऱ्यांनी तिची तीस वर्षांत एकदाही कदर केली नव्हती.

सासरे गणिताचे मास्तर. वय त्र्याऐंशी, दात स्वतःचे, राग स्वतःचा. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. लग्न ठरताना त्यांनी मला पगार विचारला नव्हता, दहावीला गणितात किती पडले ते विचारलं होतं. मी खरं सांगितलं, पस्तीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "म्हणजे पास." त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. काढायची गरजच नव्हती. मी घरात काहीही बोललो, अगदी भाजीत मीठ जास्त झालं म्हणालो तरी, ते माझ्याकडे पस्तीस मार्कांच्या नजरेनं पाहायचे.

त्या मास्तरांनी मागच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. पत्राचं नव्हे, पिस्तुलाचं. इंग्रजीत होल्स्टर म्हणतात ते, पण त्यांच्या घरात ते पहिल्यापासून 'बाबांचं पाकीट'. जाड कॅनव्हासचं, झाकणाला पितळेचं टिचबटण, मागे पट्ट्यात अडकवायला पट्टी. मूळचा खाकी रंग उडून जवळजवळ पांढरा झालेला. आत पिस्तूल नाही. कधीच नव्हतं.

"जवाईबापू," मास्तर म्हणाले, "तुम्ही शिक्केवाले ना? मग हे सिद्ध करून द्या."

झालं होतं असं की सदर भागातल्या एका हॉलमध्ये नागपूरच्या घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. कुणीही आपली वस्तू द्यावी, फक्त एक फॉर्म भरावा. फॉर्मवर तीन चौकटी: वस्तू कधीची, कुठे बनली, कोणाची. प्रत्येक चौकटीपुढे 'पुरावा' असा शब्द. मास्तरांचा जीव तिसऱ्या चौकटीत अडकला होता. तिथे त्यांना लिहायचं होतं, 'माझे वडील, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक.'

हे त्यांना का लिहायचं होतं, तेही त्यांनी त्या दिवशी सांगितलं. तीस वर्षांत मला पहिल्यांदाच काही सांगितलं म्हणा ना. त्यांचे वडील कामठीच्या छावणीत धोबी होते. मास्तर पाच वर्षांचे असताना गेले. शाळेत हजेरीला यांचं नाव आलं की मागून पोरं ओरडायची, "धोब्याचा आला, धोब्याचा आला." एक दिवस हे रडत घरी आले, तेव्हा आईनं जवळ घेऊन सांगितलं, बाबा फौजेत होते. यांनी समजूत करून घेतली, धोबीकाम लढाईनंतरचं. दुसऱ्या दिवशी यांनी वर्गात उभं राहून ठणकावून सांगितलं, "माझे वडील फौजी होते. पिस्तुलाचं पाकीट आहे आमच्या घरी." पोरं गप्प बसली. मास्तर त्या एका वाक्यावर बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, चाळीस वर्षं फळ्यावर प्रमेयं लिहिली. पण मनात कुठेतरी ते सिद्ध न केलेलं प्रमेय होतं.

"पक्ष सांगितला, साध्य सांगितलं," ते म्हणाले. "आता सिद्धता तुम्ही करा. मरायच्या आधी मला ते छापील पाहायचंय."

आता एक गोष्ट कबूल करतो. आम्हीही त्यातलेच. माझे आजोबा उमरेडला तेच काम करत, म्हणून तर सोयरीक जमली. आणि मीही पोस्टात कुणाला ते सांगितलं नाही कधी. कुणी विचारलं तर म्हणायचो, "आजोबांचा कापडाशी संबंध होता." म्हणजे लोकांना वाटावं दुकान असेल. त्यामुळे मास्तरांची तगमग मला जरा जास्तच कळली. मी पाकीट उचललं, भिंग घेतलं आणि बाल्कनीत उन्हात बसलो.

पहिला शिक्का झाकणाच्या आतल्या बाजूला. तीन इंग्रजी अक्षरं, म्हणजे बनवणाऱ्या विलायतेतल्या कारखान्याची, आणि खाली साल. सालाचा शेवटचा आकडा पुसलेला, पण पहिले तीन स्पष्ट, एकोणीसशे चाळीसच्या पुढचंच. दुसरा शिक्का त्याच्याशेजारी, एक छोटासा बाण. हा इंग्रज सरकारचा. सरकारी मालावर ते बाण ठोकायचे, मग ती बादली असो की बंदूक. बाणाचं एक पातं दाट, एक फिकं. हाताचा शिक्का! मला तर ते पाहून जुना सहकारी भेटल्यासारखं झालं.

पण नुसतं जुनं असून चालत नाही. आजकाल नव्या कापडावर जुने शिक्के मारून विकणारे उस्ताद आहेत. त्यांची चोरी शिलाईत सापडते. कारखान्यात बऱ्याच वेळा कापडावर शिक्का आधी पडतो आणि शिवण नंतर होते. मग शिक्क्याचा एखादा कोपरा शिवणीखाली दडपला जातो. बनावट माल करणारा तयार पाकिटावर शिक्का मारतो, त्याची शाई दोऱ्यावरून जाते. आमच्या बाणाचं शेपूट शिवणीखाली गेलं होतं. तरी खात्री करावी म्हणून सदरला बॅगा दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत त्यांच्याकडे निघालो.

निघालो तो स्कूटरवर, हेल्मेट न घालता. सिग्नलला पोलिसानं अडवलं. कागद काढायला पिशवीत हात घातला, तर पाकीट टपकन त्याच्या बुटावर पडलं.

"हे काय होय?"

"पिस्तुलाचं पाकीट."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्वेटर, कानटोपी, गुडघ्याला पट्टा. "अन् पिस्तूल?"

"नाही आमच्याकडे."

"मंग पाकीट काहून हाय?"

तेच शोधायला निघालोय, असं म्हणालो. त्यानं पाकीट उलटंपालटं करून हुंगलं, दुसऱ्या पोलिसाला दाखवलं, दुसऱ्यानं त्यात स्वतःचा मोबाइल घालून पाहिला. बरोबर बसला. शेवटी पाकिटाचं काही नाही, हेल्मेटची पावती फाडून सोडलं. चाचांनी मात्र एका नजरेत सांगितलं, "शिलाई असली है. छापा पहले पडा, सुई बाद में चली." मी तर तिथेच हवेत तरंगायला लागलो.

घरी आलो तर बायकोनं पाकीट ताब्यात घेतलं. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात बाईसाहेबांनी पितळेचं बटण चिंचेनं घासून लख्ख केलं.

माझा पाराच चढला. "अगं, ऐंशी वर्षांचा काळपटपणा होता तो! तोच तर पुरावा! जुन्या पितळेला हात लावत नसतात!"

"वा जी वा," ती म्हणाली. "म्हंजे जितकं घाण तितकं खरं? मंग तुमच्या गंज्या मीनं उगीच धुतल्या इतके वर्षं."

वर कडी म्हणजे तिच्या घासण्यानं बटणाच्या मागची बारीक अक्षरं वर आली. बनवणाऱ्याचीच होती, झाकणातल्या शिक्क्याशी जुळणारी. म्हणजे बटणही मूळचं. हे मी तिला दोन दिवस सांगितलं नाही. का सांगू?

पहिल्या दोन चौकटी अशा भरल्या. राहिली तिसरी, आणि तिच्यासाठी तिसरं निशाण होतं. तेच तर गूढ. पाकिटाच्या मागच्या बाजूला, पट्टीच्या खाली, बोटाच्या पेराएवढं काळंभोर निशाण. दोन उभ्या रेघा, त्यांच्याखाली तीन टिंबं, आणि बाजूला एक सुटी आडवी रेघ. बाकीचं पाकीट धुऊन धुऊन पांढरं झालं, शिक्के फिके पडले, पण हे निशाण मात्र काल काढल्यासारखं. शिक्का नव्हता, हातानं काढलेलं होतं. शाई कापडात इतकी मुरलेली की धागा उसवला तर धागाही काळा निघेल. अशी शाई मी पोस्टात पाहिली नव्हती.

जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचा एक ग्रुप असतो मोबाइलवर. भाच्यानं मला त्यात घालून दिलं. मी फोटो टाकला. तासाभरात जगभरचे जाणकार धावले. एक म्हणाला पलटणीची खूण. दुसरा म्हणाला ब्रह्मदेशच्या आघाडीवर अशा खुणा असत. तिसरा, ज्याच्या फोटोत माणूस नसून रणगाडा होता, तो शहाणा म्हणाला बाणच खोटा दिसतो, नंतर मारलेला असू शकतो. मी लिहिलं, तुम्ही नंतर जन्मलेले असू शकता. तीन दिवस आमची जुंपली. बायको म्हणे, "कोणाशी भांडून राहिले?" मी म्हणालो, "रणगाड्याशी."

अखेर मी चार पानी टिपण लिहिलं. दोन रेघा म्हणजे दुसरी बटालियन. तीन टिंबं म्हणजे तिसरी कंपनी. आडवी रेघ म्हणजे नदी ओलांडल्याची खूण, ही माझी स्वतःची भर. रंग उडाला तो ब्रह्मदेशच्या उन्हानं. आणि ही न जाणारी शाई म्हणजे लष्कराची गुप्त शाई. निष्कर्ष: पाकीट वापरणारा माणूस प्रत्यक्ष आघाडीवर होता.

मास्तरांनी ती चार पानं सलग दोनदा वाचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास," म्हणाले.

काय सांगू तुम्हाला! चौसष्टाव्या वर्षी, दोन मुलींचा बाप, पेन्शनर माणूस, आणि डोळ्यांत पाणी. मी उगाच चष्मा पुसत बसलो. मास्तरांनी संत्रा बर्फी आणवली. आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक चूक केली. काटोलला फोन लावून आपल्या मोठ्या बहिणीला सांगितलं, "बाई, ये. बाबांचं प्रदर्शन आहे."

बायकोच्या या आत्याबाई म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. पंच्याहत्तरीच्या वर एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून त्या घरी क्वचितच सापडतात. एखाद्या गावाला काही काम नसेल तर तिथली गाडी कशी आहे ते पाहायला जाऊन येतात. फॉर्म द्यायचा त्याच दिवशी, अकराच्या सुमाराला, पिशवीभर संत्री घेऊन त्या एकट्या दारात उभ्या. त्यांच्यासमोर मास्तर पाकिटाची गोष्ट कधीच काढत नसत, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

"काय गा लहान्या," आत्याबाई म्हणाल्या. त्र्याऐंशी वर्षांचे मास्तर त्यांच्यासाठी अजून लहान्या. "कायचं प्रदर्शन म्हणे?"

मास्तरांनी तोंड उघडण्याआधी मीच पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि टिपण वाचायला लागलो. पहिलं पान त्यांनी संत्रं सोलत ऐकलं. दुसऱ्या पानावर, दुसरी बटालियन येताच, त्यांनी पाकीट उलटं केलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि निशाण डोळ्यांजवळ नेलं.

"मायवं!" त्या म्हणाल्या. "हे त मीनं काढलेलं हाय."

मी वाचायचा थांबलो.

"बिब्ब्यानं," त्या म्हणाल्या. "सुई तापवायची, बिब्ब्यात खुपसायची, अन् कपड्यावर निशाण काढायचं. वरून चुना लावायचा. कपडा फाटन पण निशाण नाही जाणार. बाबाचा हात कापे म्हणून हे काम माह्याकडं. सात-आठ वर्षाची होती मी. हे पाहा, इथं बिब्बा उतला होता मले." त्यांनी बोट पुढे केलं. पेरावर खरोखरच एक जुना डाग होता.

मराठीत 'कामात बिब्बा घालणे' म्हणतात. आमच्या कामात आत्याबाईंनी तो ऐंशी वर्षं आधीच घालून ठेवला होता. गुप्त शाई म्हणे! दोन धोब्यांची घरं, एक मास्तर, एक पोस्टमन, आणि आपल्याच बापजाद्यांची लिपी एकालाही वाचता आली नाही. वर परदेशातल्या लोकांना विचारत बसलो. रणगाड्याशी भांडलो! इतकी लाज मला गणिताच्या पेपरातही वाटली नव्हती.

"आणि दोन रेघा?" मी विचारलं.

"दुसरी लाइन. साहेबाईच्या बंगल्याच्या लाइनी असत ना छावणीत. तीन टिंबं म्हंजे तिसरा बंगला. धुणं मिसळू नये म्हणून." त्या माझ्या पानांकडे पाहून म्हणाल्या, "तुमी दोन अन् तीन बरोबर ओळखलं जी जवाईबापू. तेवढं त जमलं."

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाकिटाकडेही नाही. चाळीस वर्षं शुद्ध मराठीत शिकवणारा माणूस, त्यांच्या तोंडून कामठीची भाषा बाहेर पडली.

"मंग मायनं मले काहून सांगतलं, बाबा फौजेत होते म्हणून?"

"होतेच ना फौजेत," आत्याबाई म्हणाल्या. "मायनं काय खोटं सांगतलं? छावणीत राहत, छावणीत खात, फौजेचेच कपडे धूत. तिनं 'फौजेत' म्हटलं, तुवा 'फौजी' आयकलं."

मास्तर उठले. खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तर आतून "भूक नाही" एवढंच आलं. बायको मलाच रागावली, "तुमाले कोणं सांगतलं होतं आत्यासमोर वाचाले?" बरोबरच होतं तिचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आत्याबाई मात्र शांतपणे वरणभात जेवल्या आणि म्हणाल्या, "रडू द्या त्याले. लहानपणीही असाच कोंडून घे."

फॉर्म पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. मी चार पानं हातात घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो आणि डोक्यात एक पाप घोळत होतं. टिपण पक्कं होतं. ग्रुपवरचे जाणकार माझ्या बाजूनं होते. बिब्ब्याचं निशाण वाचणारं माणूस आता साऱ्या नागपुरात एखादंच, आणि ते उद्या सकाळच्या बसनं काटोलला परत जाणार. प्रदर्शनात कोण ओळखणार होतं? एका म्हाताऱ्याला त्याचा बाप सैनिक म्हणून छापून मिळाला तर कुणाचं काय बिघडतं? खरं सांगतो, मी फॉर्मच्या तिसऱ्या चौकटीवर पेन टेकवलंही होतं. पण छत्तीस वर्षांत मी कालच्या पत्रावर आजची तारीख मारली नाही. हात पुढे सरकेना.

मी दाराशी गेलो. "मामाजी, तुम्ही म्हणाल ते लिहितो," म्हणालो.

दार उघडलं. डोळे लाल होते. माझ्याकडे न पाहता ते आत्याबाईंसमोर जाऊन बसले.

"बाई, ती आडवी रेघ कायची?"

ती मी विसरलोच होतो. माझी नदी.

आत्याबाईंनी पाकीट मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवला. "ती बाबानं काढली," म्हणाल्या. "धुणं तयार हाय, मालक न्यायले आला नाही, म्हणून आडवी रेघ. मालकानं नेलं की तिच्यावर फुली मारायची. साहेबाले लढाईवर जायचा हुकूम आला. कपडे नेले, पट्टा नेला, हे ओलं होतं म्हणून दोरीवरच राह्यलं. म्हणे, आल्यावर नेईन. नाही आला. बाबा तीनदा त्या बंगल्यावर गेले. तिथं दुसरा साहेब आलता. तो म्हणे, माझं नाही, तूच ठेव. बाबा म्हणत, माझं बी नाही."

"मग?"

"मंग काय? दर सणाले काढून धुवत. माय म्हणे, आता कोण येते ते न्यायले? त बाबा म्हणत, साहेब आला अन् मळकं दिसलं त काय म्हणन? शेवटच्या दुखण्यात बी मले म्हणाले, पाकीट धुऊन ठेव वं." त्यांनी आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "फुली काही पडली नाही."

ब्रह्मदेशचं ऊन कसलं! सणासुदीचं धुणं होतं ते. मास्तर उठले, टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं आणि माझ्याकडे हात केला. मी चार पानं दिली. त्यांनी प्रत्येक पानावर बरोबरच्या खुणा केल्या, बाणाला, शिवणीला, बटणाला. चौथ्या पानाच्या शेवटी मोठी फुली मारून खाली लिहिलं, 'पायऱ्या बरोबर, उत्तर चूक.' मग फॉर्म ओढून घेतला आणि तिसरी चौकट स्वतः भरली. मला दाखवली नाही. घडी घालून म्हणाले, "नेऊन द्या. हेल्मेट घाला."

ती चौकट मी आठवड्यानं प्रदर्शनातच वाचली. हॉल बऱ्यापैकी भरला होता. कुणाचं पितळी कुलूप, कुणाचा ग्रामोफोन, कुणाच्या आजीचं जातं. आमचं पाकीट काचेखाली, आणि त्याच्यापुढे छापील कार्ड:

'पिस्तुलाचं पाकीट. मालक: दुसरी लाइन, तिसरा बंगला, न्यायला आले नाहीत. सांभाळणारे: माझे वडील, धोबी, कामठी छावणी.'

आत्याबाईंनी तोवर रोज सकाळची बस चुकवली होती, मुद्दामच. त्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं बोट दाखवत होत्या. मास्तर काचेशेजारी उभे, अंगात लग्नकार्यातला कोट. मला धाकधूक वाटत होती. लिहिणं वेगळं आणि लोकांसमोर उभं राहणं वेगळं. 'धोबी' हा शब्द त्यांनी चारचौघांत ऐंशी वर्षांत उच्चारला नव्हता. आणि खरं तर मीही नव्हता.

दुपारी एक उंचेपुरे गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, चालणं असं की निवृत्त लष्करी अधिकारी हे सांगायला नको. त्यांनी कार्ड वाचलं नाही, आधी पाकीटच पाहिलं, वाकून, बराच वेळ.

"आपके पिताजी फौज में थे?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"होते," म्हणाले. "फौजेत धोबी होते."

गृहस्थांनी मान हलवली आणि पुन्हा काचेवर वाकले. "मैंने ऐसे बहुत देखे हैं," ते म्हणाले. "सब काले, सडे हुए. इतना साफ आज तक नहीं देखा."

मास्तरांनी कोटाची बटणं लावली, मान वर केली.

"माह्या बापानं धुतलं हाय ते," ते म्हणाले.

इतक्या मोठ्यानं म्हणाले की ग्रामोफोनपाशी उभ्या असलेल्या बायका वळून पाहायला लागल्या. आणि ज्यांना ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.